पहिल्या बटणाला बंद, दुसऱ्या बटणाला सुरू

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘घरचा संगणक : दुरुस्ती आणि देखभाल’ असा विषय छापलाय. तो कार्यकारिणीने ठरवलेला. मी एकाच बिघाडाबद्दल बोलणार आहे, कारण तो एकच मला आतून-बाहेरून कळलाय, आणि त्यापायी मी घरातलं एक माणूस दुखावलं. काल याच मंचावर नाट्यसंगीत झालं, उद्या मुलांचं नाटक आहे आणि मध्ये मी. तेव्हा जे फक्त आरती आणि खिरापतीसाठी थांबले आहेत त्यांनी मागे पंख्याखाली बसलं तरी माझी हरकत नाही.

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. इंदूर आणि आसपासच्या गावांत, ११ केव्हीच्या लाइनींवर तेहेतीस वर्षं गेली. आमच्याकडे बिघाडाच्या दोन जाती. एक म्हणजे तार तुटून रस्त्यावर पडते. ती सोपी. जायचं, जोडायची, परत यायचं. दुसरी जात छळणारी. हिवाळ्यात पहाटे पाचला फीडर ट्रिप होतो. माणसं टॉर्च घेऊन लाइनखालून चालत निघतात. सात वाजतात, ऊन वर येतं, कुठे काही सापडत नाही. पुन्हा चार्ज करावी तर लाइन मुकाट्याने उभी राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. कारण असं, की चिनी मातीच्या इन्सुलेटरवर वर्षभराची धूळ बसलेली असते. कोरडी धूळ काही करत नाही. पहाटेचं दंव पडलं की तीच धूळ ओली होते आणि वीज तिच्यावरून खांबाकडे वाट काढते. ऊन आलं, दंव उडालं, की पुरावाही गेला.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की माझ्या घरातल्या टेबलावर अगदी हेच झालं आणि तेहेतीस वर्षं हे पाहिलेल्या माणसाला ते ओळखायला दोन महिने लागले.

२०२१ चा उन्हाळा. ताईचा मुलगा, माझा भाचा, नववी संपवून दहावीत जात होता. शाळा मोबाइलवर, खेळायला बाहेर जाणं बंद. मला कॉम्प्युटर घ्यायचा होता. तो म्हणाला, “मामा, तयार घेऊ नका, मी जोडून देतो. त्याच पैशांत जास्त चांगला होईल.” दुकानं उघडल्यावर दोघं मिळून सिल्व्हर मॉलला गेलो आणि त्याच्या यादीप्रमाणे एकेक सामान घेतलं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, ५५० वॉटचा एसएमपीएस, एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेट. चाळीस हजारांच्या आसपास गेले. पोराने हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून चार तासांत मशीन उभं केलं. ही बाजूला बसून त्याला पोहे भरवत होती, कारण त्याला हात तेलकट करायचे नव्हते.

ज्यांना या नावांची सवय नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. एसएसडी म्हणजे फडताळ, तिथे सगळं ठेवलेलं राहतं. रॅम म्हणजे ओटा. करायला घेतलेलं ओट्यावर पसरतं आणि वीज गेली की ओटा पुसला जातो. एसएमपीएस म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा डबा. हे तीन लक्षात ठेवलेत तर पुढचं सगळं समजेल.

अडीच वर्षं मशीनने तक्रार केली नाही. दरम्यान मंडळाने माझ्यावर एक काम सोपवलं. आपल्या कपाटातल्या हस्तलिखित इतिवृत्तांच्या वह्या आणि जुन्या स्मरणिका ओल खात होत्या, काहींना कसर लागली होती. त्यांचं पान न् पान स्कॅन करून ठेवायचं होतं. मी आनंदाने हो म्हटलं. आजोबांची सही असलेली वही हातात आली तेव्हा काय वाटलं ते तुम्हाला सांगायला नको. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचे आजोबा त्या वह्यांत भांडले आहेत.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, विंडोजचं चिन्ह येतं, खालचे ठिपके गोल फिरू लागतात आणि अचानक निळा पडदा. कधी तोही नाही, नुसता काळोख आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा, फार तर तिसऱ्यांदा बटण दाबलं की सुरळीत. मग रात्रीपर्यंत एक शब्द नाही.

मी काय केलं? दोनदा बटण दाबायची सवय लावून घेतली. आपण स्कूटरला किक मारतो तशी. ही माझी पहिली चूक. पंधरा दिवस मी त्याला खोड म्हणत राहिलो, आजार म्हटलंच नाही.

मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डोकावलो. तिथे लाल अक्षरांत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद रोज सकाळची. पॉवर हा शब्द वाचला आणि माझ्यातला वीज मंडळाचा माणूस खूश झाला. एसएमपीएस गेला! दुकानदारानेही मान डोलावली. साडेचार हजारांचा नवा बसवला. आता ऐका, त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते ती सांगत नाही. कुणी प्लग ओढला तरी तीच नोंद पडते. पण नवा एसएमपीएस लावल्यावर पाच दिवस मशीन पहिल्या बटणाला सुरू झालं आणि मी मिशीवर ताव दिला. ते पाच दिवस आभाळ होतं, रात्री उबदार होत्या, हे मला नंतर कळलं. आभाळ मोकळं झालं, थंडी आली आणि निळा पडदाही आला.

मग दुकानदार म्हणाला, फॉर्मॅट मारा. मारला. तीन दिवस बरं, चौथ्या दिवशी तेच.

त्या रविवारी ताईकडे जेवायला होतो. डोकं तापलेलं होतं. मी मोठ्याने म्हणालो, “दुकानातून तयार घेतला असता तर ही वेळ आली नसती. पोराच्या हौसेपायी माझे चाळीस हजार पाण्यात.” तो आतल्या खोलीत बारावीची गणितं सोडवत बसला होता. दार उघडं होतं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन ताई आली, तो आला नाही.

दोन दिवसांनी मी स्कॅन केलेली पानं वर्षवार लावायला बसलो. एकूण १३८६ पानं. एक उघडलं तर वरचं अर्धं नीट आणि खालचं अर्धं राखाडी. पुढे आणखी एक, त्यात मधोमध हिरवा-जांभळा पट्टा. सगळी उघडून पाहिली. अकरा पानं खराब. कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतली, तिथून बाहेरच्या डिस्कवर टाकली आणि कार्ड मी स्वच्छ करून टाकलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाकीच्या पानांत डोळ्यांना न दिसणारं काही बिघडलं असेल तर? एखाद्या आकड्याचा ठिपका?

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही काढली. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सबस्टेशनमध्ये लॉगबुक न भरणाऱ्याला मी उभं करून बोललोय. रकाने पाडले : वेळ, खोलीतलं तापमान, मशीन रात्रभर बंद होतं की नुकतंच बंद केलेलं, पडलं ते चिन्हाच्या आधी की नंतर, निळ्या पडद्यावरचे शब्द, आणि शेवटचा रकाना, आदल्या दिवशी काय बदललं. आठवड्याभरात वही बोलायला लागली. सात सकाळींपैकी पाचदा पडलं. दुपारी बंद करून तासाभराने लावलं तर एकदाही नाही. आणि निळ्या पडद्यावरचे शब्द रोज वेगळे. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल असं काहीतरी. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर साधारणपणे रोज त्याच फाइलचं नाव येतं. रोज नवं नाव येत असेल तर संशय ओट्यावर, म्हणजे रॅमवर घ्यायचा. गोष्टी त्यावरच ठेवलेल्या असतात, आणि त्या क्षणी जी हातात आली तिचं नाव लागतं.

एक संशयित मात्र मी स्वतः बाद केला. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तुम्ही ‘शट डाउन’ म्हणता तेव्हा विंडोज पुरतं बंद होत नाही, स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं, म्हणून लवकर सुरू होतं. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र खरोखर पहिल्यापासून सुरुवात होते. सकाळी पडणं आणि दुसऱ्यांदा चालणं, या दोन्ही गोष्टी याने समजावता येतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढली. तीन सकाळी पाहिलं. दोनदा पडलं. वहीत त्यावर काट मारली.

मग धीर करून भाच्याला फोन लावला. पोरगा शांतपणे बोलला. मशीनबद्दलच बोलला, दुसरं काही नाही.

“मामा, हे सुरू व्हायच्या आधी काय बदललंत?”

“काहीच नाही.”

“नक्की?”

“अरे नक्की.”

“बरं, कॅबिनेटचं झाकण काढून आतला फोटो पाठवा.”

पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला.

“मामा, यात चार पट्ट्या आहेत.”

“मग?”

“मी दोन लावल्या होत्या.”

मंडळी, दिवाळीत मी दोन पट्ट्या आणल्या होत्या. स्कॅनिंगचं काम हळू चालत होतं म्हणून. सवलत होती, पट्टी आठ जीबीची, वेग ३२००, पहिल्यांसारखाच, फक्त कंपनी वेगळी. स्वतःच्या हाताने बसवल्या आणि जमलं म्हणून हिला दोनदा सांगितलं. नोव्हेंबरचा महिना गेला, काही झालं नाही. डिसेंबरात थंडी पडली आणि बिघाड सुरू झाला. महिन्याचं अंतर पडलं म्हणून मला दोन्हींचा संबंध लागला नाही, असं मी म्हणू शकतो. पण खरं सांगायचं तर लाइनवर मी प्रत्येक ज्युनियरला पहिला प्रश्न हाच विचारायचो, कालपरवा इथे कुणी काम केलं का? आणि तो म्हणायचा, नाही साहेब, कुणीच नाही. त्यातल्या निम्म्या वेळा त्यानेच केलेलं असायचं. तेव्हा मला वाटायचं तो खोटं बोलतोय. आता वाटतं, नसेल बोलत.

आता रॅमचं नेमकं काय होत होतं ते सांगतो. बटण दाबल्यावर पडदा काळा असतो त्या सेकंदांत बायोस रॅमशी जुळवणी करत असतं. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तबलजी मैफलीआधी हातोडीने तबला लावतो, तसंच. सिग्नल कोणत्या क्षणी पाठवायचा, कोणत्या क्षणी वाचायचा, याच्या अतिशय बारीक वेळा ठरतात, आणि त्या दर वेळी हुबेहूब त्याच ठरतात असं नाही. तबल्याला हवेचा फरक कळतो तसा यालाही कळतो. पट्टीवर छापलेला ३२०० हा वेग तिचा मूळ स्वभावही नव्हे. रॅम मुळात त्याहून कमी वेगावर, १.२ व्होल्टवर सुरू होते. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची खूण केली की १.३५ व्होल्टवर ३२०० चा वेग मिळतो. दोन पट्ट्यांना भाच्याने ती खूण केलेली होती आणि ते योग्यच होतं. पण प्रोसेसर बनवणारी कंपनीच सांगते, की या मालिकेत दोन पट्ट्यांना ३२०० पर्यंत हमी, चारही खाचा भरल्या तर पट्टीच्या प्रकाराप्रमाणे २९३३ किंवा २६६७. मी चार लावल्या, त्याही दोन घराण्यांच्या, आणि वेग ३२०० चाच ठेवला. उबेत कसंबसं निभत होतं. गार पडलेल्या मशीनमध्ये पहिली जुळवणी कच्ची व्हायची, मग विंडोज कोसळायचं. दुसऱ्या बटणाला जुळवणी नव्याने, थोडी वेगळी, आणि पुष्कळदा चालून जाणारी.

पण चालून जाणारी म्हणजे नीट नव्हे. दिवसा मशीन पडत नव्हतं, तरी अधूनमधून एखादा शून्य एक होत होता, एक शून्य होत होता. साध्या घरगुती रॅमला ही चूक स्वतःहून ओळखता येत नाही. मोठ्या सर्व्हरमध्ये त्यासाठी वेगळी महाग रॅम असते. फाइलची नक्कल करताना ती आधी ओट्यावर येते आणि तिथून फडताळात जाते. ओट्यावर मीठ सांडलं तर फडताळात खारटच जाणार. विंडोज नक्कल करून झाल्यावर दोन्ही ताडून पाहत नाही. माझी अकरा पानं अशी गेली. आणि असल्या मशीनवर विंडोज नव्याने टाकणं म्हणजे नवीन वहीत चुकीची शाई भरलेल्या पेनने लिहिणं. तो फॉर्मॅट निव्वळ मूर्खपणा होता. कुणी सुचवला तरी आधी रॅम तपासल्याशिवाय करू नका.

तपासायचं कसं? मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर घालायचा आणि मशीन त्यावरूनच सुरू करायचं, विंडोज मध्ये येत नाही. मी दुपारी लावला, रात्री उशिरापर्यंत चारही फेऱ्या चालल्या आणि चुका शून्य. मी भाच्याला कळवलं, रॅम निर्दोष आहे. तो हसला. “मामा, तुम्ही गरम मशीन तपासलंत. पहाटे लावा, पहिल्याच बटणाला.” मला तो दंवाचा फीडर आठवला, आणि मनातून शरम वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला खिडकी उघडी टाकून, मफलर गुंडाळून बटण दाबलं. चार मिनिटांत लाल रेघा उमटू लागल्या. एक चूक सापडली तरी ती जास्तच असते, इथे पडदा भरला.

पुढचं त्याने फोनवरून करून घेतलं, एका वेळी एकच बदल. आधी त्याच्या मूळच्या दोन पट्ट्या, चार सकाळी. स्वच्छ. मग मी आणलेल्या दोनच, चार सकाळी. त्याही स्वच्छ! म्हणजे एकही पट्टी खराब नव्हती. मला वाटलं झालं, पण तो म्हणाला, पुन्हा चारही लावा, तसाच ३२०० चा वेग ठेवा. दुसऱ्याच सकाळी पडलं. हवा तेव्हा बिघाड परत आणता आला, तेव्हा त्याने मानलं. शेवटी चारही पट्ट्या ठेवून वेग २६६६ वर आणला, आणि एक आठवडा एकही लाल रेघ नाही. फेब्रुवारीचा मध्य आला होता, थंडी ओसरत होती, म्हणून शेवटच्या दोन सकाळी मी रात्रीच खिडकी उघडून ठेवली. ही म्हणाली, मशीनला बरं करता करता तुम्हाला न्यूमोनिया होईल.

कुणाला घरी हात घालायचा असेल तर थोडं सांगतो. प्लग काढा, मग बटण एकदा दाबा म्हणजे उरलेली वीज जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला, हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून तर मुळीच नको. पट्ट्या दोन असतील तर चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच, पण बोर्डाचं पुस्तक पाहा. ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसता येतात, भुगा आत पडू देऊ नका. घड्याळ रोज मागे पडत असेल तर बोर्डावरचा २०३२ नंबरचा सेल बदला. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. वीज मंडळातला माणूस सांगतोय, प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर धक्का देतात. हे सगळं करण्याआधी कामाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या मशीनवरून काढून घ्या, आजारी मशीनवरून नव्हे.

उरलेल्या १३७५ पानांची शंका फेडायला भाच्यानेच वाट सांगितली. फाइलीचा हॅश नावाचा एक आकडा काढता येतो, फाइलीतला एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. कार्ड मी पुसलं होतं, तरी त्यातल्या सातशे-आठशे पानांच्या मूळ प्रती चिटणीसांच्या लॅपटॉपवर निघाल्या. त्या लॅपटॉपवरच दोन्हींचे आकडे ताडले आणि ते जुळले. बाकीची पानं मी भिंग घेऊन वहीशी ताडतोय, अजून तीन वह्या उरल्यात.

बारावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. तिळगुळाचे दिवस गेले होते, मी रंगपंचमीची गुजिया घेऊन गेलो आणि त्याच्यासमोर, ताईसमोर म्हणालो की चूक माझी होती. तो म्हणाला, “मामा, पट्ट्या बसवल्या मात्र नीट होत्या.” माझ्या त्या दोन पट्ट्या आता पुण्याला त्याच्या होस्टेलच्या मशीनमध्ये आहेत. मला सोळा जीबी पुरतात.

आता एक काम आहे. खराब झालेल्या अकरा पानांपैकी नऊ मी वहीवरून पुन्हा स्कॅन केली. दोन राहिली, कारण ती पानं स्कॅन करताना घडीवरच तुटली आणि कसरीने उरलेल्याचा भुगा झाला. दोन्ही १९६७ च्या वहीतली, सभागृहाच्या वर्गणीदारांच्या यादीची. आपल्यापैकी कुणाच्या घरी त्या यादीची नक्कल, पावती, जुना फोटो, काहीही असेल तर कृपा करून शोधा. मी रोज संध्याकाळी सात ते आठ कार्यालयात बसतो. पेनड्राइव्हवर मेमटेस्टही घालून ठेवलाय, हवा असेल त्याने रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावं.